पहिलटकरणीची लस

पनामाचा कालवा ऑगस्ट १९१४मध्ये जहाजांसाठी खुला झाला. त्याआधी त्या चिंचोळ्या पट्ट्यात हिवतापाने आणि पिवळ्या तापाने हजारो मजूर गिळले होते. म्हणून अँकॉन येथे मोठे इस्पितळ होते आणि त्याच्या जोडीला प्रयोगशाळा. या प्रयोगशाळेत हर्बर्ट क्लार्क नावाचा डॉक्टर एक काम नेमाने करू लागला. इस्पितळात बाई बाळंत झाली, वार पडली, की तो त्या वारेतल्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली धरी. एरवी वार म्हणजे पुरायची नाहीतर फेकायची वस्तू. क्लार्कला मात्र तिच्यात एक चमत्कारिक विसंगती दिसली. बाळंतिणीच्या बोटातून काढलेल्या रक्तात हिवतापाचे परजीवी विरळ, कधी तर मुळीच नाहीत, आणि तिच्याच वारेत त्यांची दाटी. १९१५ साली त्याने हे निरीक्षण प्रसिद्ध केले. लपलेला हिवताप ओळखायला वारेतले रक्त उपयोगी पडते, एवढेच त्याला सांगायचे होते.

परजीवी तिथेच का गोळा होतात, हे कळायला पुढे ऐंशी वर्षे गेली. कळल्यावर जी लस करायला घेतली गेली, ती अजून झालेली नाही.

क्लार्कनंतर दहा वर्षांनी, १९२५मध्ये, पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रीटाऊनमध्ये ब्लॅकलॉक आणि गॉर्डन या दोघांनी पुन्हा वारेकडे पाहिले. त्यांनी निदानापुढे जाऊन बाळांचा हिशेब मांडला. वारेत परजीवी असलेल्या आयांची मुले जन्मल्यावर लवकर दगावतात, असे त्यांना आढळले. पण या आयांना ताप नव्हता. त्या चालत इस्पितळात आल्या होत्या. शरीरात हिवताप भरलेला असूनही त्या आजारी दिसत नव्हत्या.

सिलोनमध्ये चित्र अगदी उलटे निघाले. १९३४मध्ये नैर्ऋत्य मोसमी पाऊस रुसला, बेटाच्या ओल्या भागातल्या नद्या आटल्या आणि पात्रात जागोजाग डबकी उरली. वाहत्या पाण्यात ज्यांना जागा मिळत नव्हती, त्या डासांनी या डबक्यांत अंडी घातली. पुढच्या काही महिन्यांत सुमारे ऐंशी हजार माणसे गेली. या भागातल्या लोकांचा हिवतापाशी नित्याचा परिचय नव्हता, त्यामुळे त्यांच्या रक्तात प्रतिकारही नव्हता. कोलंबोचे प्रसूतितज्ज्ञ जी. ए. डब्ल्यू. विक्रमसूरिया यांनी त्या साथीतल्या गरोदर स्त्रियांच्या नोंदी ठेवल्या आणि १९३७मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्यांच्यापुढे आलेल्या बायका तापाने फणफणलेल्या, शुद्ध हरपलेल्या, पांढऱ्याफटक पडलेल्या होत्या. पोटातली मुले जात होती आणि त्यांच्यामागोमाग आयाही.

रोग एकच, पण त्याची अशी दोन रूपे. जिथे हिवताप अधूनमधून येतो, तिथे तो गरोदर बाईचा जीव घेतो. जिथे तो बारमाही मुक्कामाला असतो, तिथे आई वरवर धडधाकट दिसते. तिचे रक्त मात्र आटत जाते आणि पोटातले बाळ खुरटते. पहिले रूप लगेच डोळ्यांत भरते. दुसऱ्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, कारण अपुऱ्या वजनाचे मूल महिन्याभराने गेले तर मृत्यूच्या नोंदीत हिवतापाचे नाव येत नाही.

या दुसऱ्या रूपाचा पाठपुरावा दीर्घकाळ केला तो गँबियात. तिथे इयन मॅकग्रेगर या ब्रिटिश डॉक्टरने आयुष्याची उमेदीची वर्षे घालवली. १९६१मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. गँबियातल्या प्रौढ माणसांच्या रक्तातून प्रतिपिंडे वेगळी काढून ती हिवतापाने आजारी असलेल्या मुलांना टोचली, आणि मुलांच्या रक्तातले परजीवी घटले. वर्षानुवर्षे डास चावून घेतलेल्या माणसाच्या रक्तात रोगाला आवरणारे काहीतरी तयार होते आणि ते दुसऱ्याला देता येते, हे यातून सिद्ध झाले. हिवतापावर लस होऊ शकेल या आशेचा हा एक भक्कम आधार.

त्याच मॅकग्रेगरने पुढे सहा हजारांहून अधिक बाळंतपणांतल्या वारेचे नमुने तपासले. १९८३मध्ये निष्कर्ष छापून आले. सुमारे पाचव्या हिश्श्यात परजीवी सापडले होते, आणि सर्वांत जास्त झळ बसली होती ती पहिलटकरणींना.

इथे कोडे पडते. गँबियातली अठरा-वीस वर्षांची मुलगी घ्या. लहानपणी ती हिवतापाने कितीदा तरी पडली असेल, पण मोठी होईतो तिच्या अंगात प्रतिकार आलेला असतो. दिवस गेले की ही शिदोरी अचानक संपल्यासारखी होते. मग दुसऱ्या खेपेला तीच बाई थोडी सावरते आणि तिसऱ्या-चौथ्या बाळंतपणात परजीवी तिला फारसे शिवत नाहीत.

जुने उत्तर असे होते, की गर्भात निम्मा वाटा बापाचा असतो. आईच्या शरीराने त्याला परके मानून हाकलू नये म्हणून गरोदरपणी तिची प्रतिकारशक्ती नमते घेते, आणि त्या फटीतून हिवताप शिरतो. उत्तर पटण्यासारखे होते, पण त्याला एक भोक होते. प्रतिकारशक्ती नमते घेत असेल तर ती प्रत्येक गरोदरपणात घेईल. मग चार मुलांची आई का वाचते? पहिलटकरीण आणि लेकुरवाळी यांच्यात फरक पडतो, याचा अर्थ पहिल्या खेपेत शरीर काहीतरी शिकते आणि ते पुढे लक्षात ठेवते. ते काय शिकते, हा खरा प्रश्न होता.

त्याचे उत्तर मिळाले किसुमूत. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावरचे हे केनियातले शहर. आसपासच्या खेड्यांत हिवताप वर्षभर. १९९०च्या दशकात मिखाल फ्रीड आणि पॅट्रिक डफी हे दोन संशोधक तिथे काम करत होते. क्लार्कप्रमाणे तेही बाळंतपणानंतरच्या वारेची वाट पाहत. फरक एवढाच, की क्लार्क परजीवी मोजत होता आणि हे दोघे त्यांना वारेतून सोडवून घेऊन ते कशाला चिकटतात हे बघत होते.

चिकटणे हाच फाल्सिपेरम जातीच्या परजीवीचा प्राण. तो तांबड्या पेशीत राहतो. अशी बिघडलेली पेशी रक्तातून फिरत प्लीहेत गेली तर प्लीहा तिला गाळून नष्ट करते. म्हणून परजीवी पेशीच्या पृष्ठभागावर एक प्रथिन बाहेर काढतो आणि त्याचा आकडा करून रक्तवाहिनीच्या भिंतीला लटकतो. शरीर त्या आकड्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवते. मग परजीवी आकडा बदलतो. त्याच्या जनुकसंचात असे सुमारे साठ आकडे आहेत आणि एका वेळी तो बहुधा एकच वापरतो. १९९५मध्ये या जनुकांचे घराणे ओळखले गेले. लहानपणापासून हिवताप भोगणारा माणूस एकेक करून यातले बरेचसे आकडे ओळखू लागतो. त्यालाच आपण प्रतिकार म्हणतो.

फ्रीड आणि डफी यांना दिसले, की वारेतले परजीवी नेहमीच्या जागी चिकटतच नाहीत. ते कॉन्ड्रॉइटिन सल्फेट ए नावाच्या साखरेच्या लांब साखळीला चिकटतात. कॉन्ड्रॉइटिन हे नाव गुडघेदुखीच्या गोळ्यांच्या डबीवर अनेकांनी वाचले असेल. वारेत या साखळीचा एक खास प्रकार असतो. गरोदर नसलेल्या माणसांतून घेतलेले परजीवी तिच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हते. १९९६मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला आणि कोडे एकदम सुटले. वार हा बाईच्या शरीरात नव्याने उगवलेला अवयव आहे. परजीवीला लटकायला नवी खुंटी मिळते. त्या खुंटीला लागणारा आकडा तिच्या शरीराने आयुष्यात कधी पाहिलेला नसतो. बाकीचे सगळे आकडे ओळखून असलेली बाई या एका आकड्यापुढे तान्ह्या मुलाइतकी अजाण असते. पुरुषांना वार नसते, म्हणून त्यांच्या रक्तात त्या आकड्याविरुद्धची प्रतिपिंडे सापडत नव्हती.

१९९८मध्ये याच चमूने दुसरे पाऊल टाकले. अनेकदा बाळंत झालेल्या स्त्रियांच्या रक्तातली प्रतिपिंडे परजीवीला वारेतल्या खुंटीवर चिकटू देत नाहीत. पहिलटकरणींच्या रक्तात ती नसतात. याहून महत्त्वाचे म्हणजे, आशियातल्या स्त्रियांची प्रतिपिंडे आफ्रिकेतल्या परजीवींनाही अडवत होती. आकडा जगभर बराचसा सारखाच असला पाहिजे. मग एका लसीने काम भागण्याची शक्यता होती.

लस करायला तो आकडा नेमका हाती हवा होता. आधी पकडलेला संशयित चुकीचा निघाला. १९९९मध्ये एका जनुकावर बोट ठेवले गेले, पण वारेशी काहीही संबंध नसलेल्या परजीवींतही ते जागे असते असे दिसून आले. २००२मध्ये फाल्सिपेरमचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला आणि सगळ्या संशयितांची यादी हाती आली. कोपनहेगनमध्ये अली सलांती आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक सरळ युक्ती केली. प्रयोगशाळेतले परजीवी पुन्हा पुन्हा कॉन्ड्रॉइटिनवर सोडायचे, चिकटतील तेवढेच ठेवायचे, आणि मग त्यांच्यात साठांपैकी कोणते जनुक जोराने चालू आहे ते मोजायचे. एकच जनुक उसळून वर आले. बाराव्या गुणसूत्राच्या टोकापाशी बसलेले, बाकीच्या भावंडांपेक्षा वेगळ्या घडणीचे. त्याचे नाव पडले व्हार-टू-सीएसए. २००३मध्ये हे प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनी पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या संशोधकांनी ते जनुक मोडून पाहिले, तेव्हा परजीवीची कॉन्ड्रॉइटिनला चिकटण्याची क्षमता गेली. गुन्हेगार पक्का झाला.

सलांतीच्या या प्रथिनाला पुढे एक अनपेक्षित फाटा फुटला. वारेतल्यासारखी कॉन्ड्रॉइटिनची साखळी अनेक कर्करोगांच्या गाठींवरही असते, आणि हिवतापाचे प्रथिन तिलाही चिकटते. या प्रथिनाला औषध बांधून ते गाठीपर्यंत पोचवता येईल, अशी कल्पना २०१५मध्ये पुढे आली. तो वेगळा इतिहास आहे.

लसीची वाट मात्र चढाची होती. व्हार-टू-सीएसए हे प्रचंड मोठे प्रथिन. ते जसेच्या तसे कारखान्यात घडवणे जवळपास अशक्य. म्हणून त्याचा कोणता तुकडा खुंटीला प्रत्यक्ष पकडतो हे शोधण्यात वर्षे गेली, आणि अखेर प्रथिनाच्या सुरुवातीच्या भागातला तुकडा निवडला गेला. कोपनहेगनच्या गटाने तो फळमाशीच्या पेशींत वाढवला आणि पॅमव्हॅक ही लस केली. तिच्या चाचण्या जर्मनीतल्या ट्यूबिंगनमध्ये आणि पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनमध्ये झाल्या. पॅरिसमध्ये बेन्वा गामँ यांच्या गटाने जवळपास तोच तुकडा जिवाणूंत वाढवला. त्या लसीचे नाव प्रिमव्हॅक. ती पॅरिस आणि बुर्किना फासोची राजधानी उआगादुगू येथे मिळून ६८ स्त्रियांवर तपासली गेली. यातली कोणीही आधी गरोदर राहिलेली नव्हती.

पॅमव्हॅकचे निष्कर्ष २०१९मध्ये आणि प्रिमव्हॅकचे २०२०मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही लसी सुरक्षित ठरल्या. दोन्हींनी प्रतिपिंडे तयार केली. पण ही प्रतिपिंडे मुख्यतः ज्या वाणापासून लस केली त्याच वाणाला ओळखत होती. इतर वाणांच्या परजीवींपुढे ती फिकी पडत होती. किसुमूतल्या चार मुलांच्या आईचे रक्त जे सहज करते, ते कारखान्यातल्या तुकड्याला साधले नव्हते. तिच्या शरीराने तो आकडा अखंड पाहिलेला असतो, निरनिराळ्या वाणांचा, महिनोन् महिने, खेपेमागून खेपेला. एका तुकड्याच्या तीन टोचण्यांनी त्याची बरोबरी कशी व्हावी? २०२१मध्ये या प्रथिनाची त्रिमितीय रचना उलगडली. तिच्या आधारे पुढची लस कशी घडवायची याचा विचार आता चालू आहे.

तोवर आफ्रिकेतल्या गरोदर बाईच्या हातात औषधाच्या गोळ्याच आहेत. सल्फाडॉक्सिन आणि पायरिमेथामिन यांची जोडगोळी ठरावीक अंतराने, आजार असो वा नसो, द्यायची. १९९३मध्ये मलावीने हे धोरण प्रथम स्वीकारले, नंतर जागतिक आरोग्य संघटनेने ते आफ्रिकेसाठी उचलून धरले. यात दोन अडचणी आहेत. पूर्व आफ्रिकेत परजीवी या गोळ्यांना दाद देईनासे झाले आहेत. आणि पहिले तीन महिने या गोळ्या देता येत नाहीत. बाई तपासणीला येते तोवर परजीवी वारेत बिऱ्हाड करून बसलेले असतात. म्हणूनच वारेसाठीची लस दिवस जाण्याआधीच, मुलगी वयात येताना टोचली पाहिजे, असे या क्षेत्रातले लोक म्हणतात.

एवढे सगळे कळूनही उशीर का, याचे उत्तर केवळ जीवशास्त्रात नाही. १९५०च्या दशकाच्या अखेरीस थॅलिडोमाइड हे औषध गरोदरपणीच्या मळमळीवर सर्रास दिले गेले आणि हजारो मुले व्यंग घेऊन जन्मली. त्याचा धडा म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७७मध्ये मूल होऊ शकेल अशा कोणत्याही बाईला प्राथमिक चाचण्यांतून वगळण्याची सूचना केली; ती १९९३मध्ये मागे घेतली. पण सवय राहिलीच. वास्तविक थॅलिडोमाइड गरोदर स्त्रियांवर नीट न तपासताच त्यांच्या हाती दिले गेले होते. चूक न तपासण्याची होती आणि तिच्यावर इलाज म्हणून शोधला गेला तोही न तपासण्याचाच. तिला जपायचे म्हणून तिला बाहेर ठेवायचे, आणि मग तिच्यासाठी माहिती नाही म्हणून तिला काही द्यायचे नाही. या चक्रात दोन पिढ्या गेल्या.

हे चक्र मोडायला सुरुवात झाली ती मालीत. उलेसेबुगू या गावी मालीच्या आणि अमेरिकेच्या संशोधकांनी लवकरच मूल हवे असलेल्या १८ ते ३८ वर्षांच्या ३०० स्त्रियांना चाचणीत घेतले. ही लस वेगळ्या जातीची होती. मेरीलँडमधल्या सॅनारिया कंपनीने ती बनवली होती. डासांवर किरणांचा मारा करून दुबळे केलेले परजीवी त्यांच्या लाळग्रंथींतून काढायचे, द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवायचे आणि थेट शिरेत टोचायचे. वारेतला आकडा हिच्या गावीही नाही. परजीवी यकृतात शिरतो त्या वेशीवरच त्याला अडवायचे, हा तिचा बेत. महिन्याभरात तीन टोचण्या झाल्या. तिसऱ्या टोचणीनंतर २४ आठवड्यांत ५५ स्त्रियांना दिवस गेले. त्यांच्यात लसीने कमी मात्रेत ६५ टक्के आणि जास्त मात्रेत ८६ टक्के संरक्षण दिले. दोन वर्षांत मिळून दिवस गेलेल्या १५५ जणींत हे प्रमाण ५७ आणि ४९ टक्के होते. २०२४मध्ये हे आकडे प्रसिद्ध झाले. चाचणी छोटी होती आणि जास्त मात्रेचा वरचढपणा दोन वर्षांच्या हिशेबात टिकला नाही. तरीही गरोदरपणाआधी टोचलेली लस पुढे गरोदरपणातही कामाला येते, याचा हा पहिला धडधडीत पुरावा.

या इतिहासाचे एक टोक आपल्या दाराशीही येते. जागतिक आरोग्य संघटनेने आजवर हिवतापाच्या दोन लसींची शिफारस केली आहे. त्यातली दुसरी, ऑक्टोबर २०२३मध्ये शिफारस झालेली, ऑक्सफर्डच्या संशोधकांनी विकसित केली आणि ती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. पुण्यातल्या कुप्या आफ्रिकेतल्या तान्ह्या मुलांपर्यंत पोचत आहेत. पण दोन्ही लसी मुलांसाठीच आहेत. मुलांना घेऊन रांगेत उभ्या असलेल्या आयांपैकी कोणी पुन्हा पोटुशी असेल, तर तिच्यासाठी त्या पेटीत काही नाही. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात फाल्सिपेरम आजही आहे आणि तिथल्या गरोदर बाईचीही तीच गत.

२०२३ या एका वर्षात आफ्रिकेतल्या मध्यम ते तीव्र प्रादुर्भावाच्या ३३ देशांत सुमारे ३ कोटी ६० लाख स्त्रिया गरोदर होत्या, आणि त्यातल्या सुमारे १ कोटी २४ लाख स्त्रियांना हिवतापाने गाठले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

अँकॉनपासून उआगादुगूपर्यंत या संशोधनाचा कच्चा माल एकच होता, बाळंतिणींनी दिलेली वार आणि त्यांचे रक्त. लस शक्य आहे हे जगाला कळले ते ज्या बायकांच्या रक्तातून, त्यांच्यातल्या अनेकींनी तो धडा पहिल्या मुलाची किंमत देऊन घेतला होता. त्यांचे रक्त जे जाणते ते पहिलटकरणीला आधीच मिळावे, एवढीच या लसीची मागणी आहे. ती अजून पुरी झालेली नाही.